हातभर पाणी, वीतभर चिखल

आमचा बचत गट दरवर्षी देवदर्शनाला जातो. यंदा पौषात मात्र आम्ही पक्षी बघायला गेलो, नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, नांदूर मधमेश्वरला. "बगळे बघायला गाडीभाडं कशाला, आपल्या तळ्यावर काय कमी आहेत?" हे घरोघरी ऐकून घेतलं. खरं तर आमच्या डोक्यात आपलं तळंच होतं. उन्हाळ्यात त्यातला गाळ काढायचं गावात चाललंय, आणि काठचं गवत उपटायचं श्रमदान आमच्या गटाकडे आलंय.

नांदूर मधमेश्वरला गोदावरीला कादवा मिळते. तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा घातला. त्यातून निघालेले डावा आणि उजवा कालवा आजही नगरकडच्या शेतीला पाणी नेतात. दोन्ही नद्यांच्या पुरांबरोबर गाळ आला, साचला, आणि बंधाऱ्यामागे उथळ पाणी, चिखल आणि गवताची बेटं तयार झाली. पाणी साठवणाऱ्याच्या हिशोबाने हे नुकसानच. पण पक्षी त्या उथळ पाण्यावरच आले. १९८६ साली इथे अभयारण्य झालं. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला, महाराष्ट्रात पहिला. रामसर हे इराणातलं गाव; पाणथळ जागा जपायचा जागतिक करार १९७१ साली तिथे झाला.

मनोऱ्यावर चढल्यावर आधी नुसते काळे ठिपके दिसले. दुर्बिणीतून बघितलं आणि नावं कळायला लागली तशी गंमत वाटली. नावं सगळी आपल्याच घरातली! चोचीच्या टोकाला पिवळं आणि कपाळाजवळ लाल ठिपके, म्हणून हळदीकुंकू बदक. काळ्या अंगावर पांढरं कपाळ मिरवणारा तो वारकरी. लांब काटकुळ्या गुलाबी पायांचा शेकाट्या. चमच्यासारख्या चोचीचा चमच्या. तो चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो, जसं आपण ताक ढवळावं.

आता मुद्द्याचं. प्रत्येकाची पंगत वेगळ्या खोलीवर बसते. शेकाट्याला घोट्याएवढं पाणी लागतं, कारण तो उभ्यानेच टिपतो. तलवार बदक उत्तरेकडच्या थंड मुलखातून हजारो किलोमीटर उडून येतं, पण त्याला नीट बुडी मारता येत नाही. शेपटी वर, डोकं खाली करून मान पोचेल तेवढंच खातं. हातभर पाणी त्याला पुरतं, पुरुषभर पाण्यात ते उपाशी. वारकरी मात्र बुडी मारून तळाचं शेवाळ वर आणतो. आणि कमळपक्षी लांब बोटं पसरून तरंगत्या पानांवर चालतो. त्याच्यात अंडी उबवणं, पिलं सांभाळणं हे नराचं काम. हे ऐकून आमच्यात जो हशा पिकला, त्याने जवळची चार बदकं उडाली. तेवढं तुम्ही टाळा.

फुलं बघायला मान वर नको, खाली घाला. पाणी ओसरलेल्या ओलीवर गोरखमुंडीचे जांभळे गोंडे असतात. काठाला काटेरी तालीमखाना निळा-जांभळा फुललेला असतो. माका तर आपण तेलात घालतोच. पण देखणं फूल म्हणून फसू नका. जलपर्णी आणि बेशरम दोन्ही परदेशातून आलेल्या. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी सगळं पाणी झाकते. मग खाली ऊन पोचत नाही आणि बदकांना उतरायला जागा उरत नाही.

जायचं तर दिवाळीनंतर ते माघापर्यंत, आणि उजाडताच. मळकट रंगाची साडी, पाण्याची बाटली, टोपी किंवा पदर डोक्यावर. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत आणि पक्ष्यांची माहिती असलेली स्थानिक मुलं वाट दाखवायला मिळतात. त्यांना जरूर घ्या, नाहीतर सगळंच बगळा दिसतं. फुलं तोडायची नाहीत, मोबाईलवर गाणी नाहीत.

परत येताना गाडीत तळ्यावरूनच वाद झाला. गाळ काढायलाच हवा, शेताला तो सोनं आहे आणि पाणीही वाढेल. पण चारी काठ भिंतीसारखे उभे कापले, तर हातभर पाण्याची जागाच राहणार नाही. शिवाय गुरं उतरणार कुठून? म्हणून ग्रामसभेत आम्ही म्हणणार आहोत की मधे खोल खणा, ओढ्याकडच्या अंगाला उतार ठेवा. श्रमदानात बेशरम मुळासकट काढू, लव्हाळा राहू देऊ.

आमच्यातल्या दोघींना हे पटलेलं नाही. "आधी हंडा भरू द्या, मग बदकं," त्या म्हणतात. मे महिन्यात टँकरमागे धावलेल्या बाईने असं म्हटलं तर तिला काय उत्तर द्यायचं? उतार ठेवला तर किती पाणी कमी साठेल, हे तरी आधी कळायला हवं. सोमवारी आम्ही दोरी आणि काठ्या घेऊन मोजायला जाणार आहोत, त्या दोघींना घेऊनच.