रोवणी आटोपली की समुद्र

मागच्या भाद्रपदात सौंदडहून आम्ही बचत गटाच्या १२ जणी कोकणात जाऊन आलो. तेव्हापासून दर बैठकीत कोणी ना कोणी विचारतेच, कसं गेलात, खर्च किती आला, भीती नाही वाटली का. म्हणून आज सगळं एकदाच सांगते.

आधी महिना कोणता ते ठरवा. कोकणात पर्यटकांचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत असतो. तेव्हा आपल्याकडे कापणी, मळणी, मग मोहफूल, तेंदूपत्ता. आपल्याला फुरसत मिळते ती रोवणी आणि निंदण आटोपल्यावर, हलका धान कापायला येईपर्यंत. नेमकं तेव्हाच कोकण रिकामं असतं आणि खोल्या स्वस्त मिळतात. पण रिकामं म्हणून जून-जुलैत जाऊ नका. समुद्र खवळलेला असतो, मासेमारी बंद असते, घाटात दरडी कोसळतात. २२ जुलै २०२१ ला अख्खं चिपळूण पाण्याखाली गेलं होतं. गणपतीतही नको, कारण मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि रस्ता गाड्यांनी भरतो. राहिला पितृपक्ष. आमच्यातल्या दोघीतिघी कुरकुरल्या. मी म्हटलं, फिरायला जाणं म्हणजे काही लग्न नाही. एकीच्या सासऱ्यांची तिथी होती, ती झाली आणि दुसऱ्या दिवशी निघालो.

आता गाडीचं. कॅरॅव्हॅन हा शब्द तुम्ही ऐकला असेल. चाकांवरचं घरच ते. आत झोपायला जागा, छोटी ओटी, संडास. राज्य सरकारने २०२१ मध्ये त्यासाठी वेगळं पर्यटन धोरणही आणलं. पण त्यात चार-सहा माणसं मावतात आणि भाडं गटाला परवडत नाही. मग आम्ही आमचं चाकांवरचं घर जुळवलं. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शन घेतलं आणि तिथून पाच दिवसांसाठी १७ सीटांची गाडी भाड्याने केली. नागपूरहून रत्नागिरीपर्यंत महामार्ग आहे, पण तेवढं अंतर भाड्याच्या गाडीने गेलो असतो तर निम्मे पैसे रस्त्यातच संपले असते.

गाडी ठरवताना नंबरपाटी बघा. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याने चालवायचा परवाना असलेली गाडी. पांढऱ्या पाटीची ओळखीतली गाडी स्वस्त पडते खरी, पण भाड्याने नेताना अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळवताना नाकीनऊ येतात. चालकाच्या जेवणाचं, मुक्कामाचं आणि टोलचं कोणी भरायचं, ते कागदावर लिहून घ्या.

सिलिंडर मात्र सोबत नाही म्हणजे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात लपवून नेलेल्या सिलिंडरने आग लागली आणि ९ जण गेले. आम्ही दशम्या, चिवडा आणि ठेचा नेला. चहा आणि भात मुक्कामाच्या घरी, त्यांच्याच चुलीवर. उभ्या गाडीत इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून काचा लावून झोपू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला कॅरॅव्हॅनमध्ये थांबलेले दोघे जण अशाच विषारी वायूने गेले. त्या वायूला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्याला काही कळतच नाही.

आणि एक गोष्ट, जी आपण बाया बोलत नाही. लघवीला कुठे जायचं या धास्तीने आमच्यातल्या एकीने आगगाडीत पाणीच प्यायलं नाही. कोल्हापुरात उतरली ती जळजळ आणि ताप घेऊन. अर्धा दिवस दवाखान्यात गेला. त्यानंतर आम्ही चालकाला पहिल्याच सकाळी सांगून टाकलं, दर दोन तासांनी पेट्रोल पंपावर थांबायचं. पंपावरचं शौचालय वापरायला पैसे लागत नाहीत आणि डिझेल भरलंच पाहिजे असंही नाही. कडी लागते की नाही ते एकीने बघायचं, दुसरीने दाराशी उभं राहायचं. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

आंबा घाट उतरलो आणि रत्नागिरीला समुद्र दिसला. आपल्या नवेगाव बांधाचा पलीकडचा काठ दिसतो, डोंगर दिसतात. इथे पलीकडे काहीच नाही. आमची सर्वांत मोठी काकू बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, एवढं पाणी आणि एका बांधीला कामाचं नाही!

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. चढलं की भरती, उतरलं की ओहोटी. वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशोब तिथीवर असतो. तिथीची पाऊणपट करायची. म्हाताऱ्यांना पाऊणकी येते, त्यांना विचारा. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून गावातल्या कोळ्यालाही विचारायचं. पौर्णिमा-अमावास्येला भरती सगळ्यांत मोठी, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, ती भांगाची भरती. आपल्या घरात कॅलेंडर असतंच, तारीख ठरवताना तिथी बघून घ्या.

हे आम्हाला कळलं ते थोडक्यात वाचल्यावर. पंचमीचा दिवस, अकरा वाजलेले, वाळू कोरडी आणि लांबच लांब. फोटोसाठी गाडी खाली घ्या म्हणून आम्हीच चालकाच्या मागे लागलो. मुक्कामाच्या घरची बाई धावत आली आणि तिने थांबवलं. तीन वाजता बघितलं तर जिथे चाकं उभी राहिली असती तिथे गुडघाभर पाणी. ओल्या वाळूत रुतलेली गाडी आपल्या चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरसारखी ओढून निघत नाही. लाट परतली की चाकाखालची वाळूही घेऊन जाते. पायाखालचीही नेते, म्हणून घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि गणपतीपुळ्याला तर नाहीच नाही.

पावसाळ्यात सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. सप्टेंबरात समुद्र बघून सुरू करतात, तेव्हा आधी फोन करा. आम्ही रत्नदुर्ग बघितला, तिथे गाडीने जाता येतं. मग जयगडहून तवसाळला अख्खी गाडी बोटीवर चढवून खाडी ओलांडली. काकूने बोटीवर डोळे मिटूनच घेतले होते. जेवणाचं सकाळीच सांगावं लागतं, कारण बिनहंगामात खानावळीत तयार काही नसतं. मासे ताजे मिळाले, तिखट मात्र आपल्यासारखं नाही. ठेचा कामी आला.

पैशाचं राहिलं. वर्षभर दरमहा ५०० रुपये वेगळ्या वहीत जमा केले, गटाच्या कर्जाच्या पैशाला हात लावला नाही. यंदा निंदण आटोपल्यावर दुसरी तुकडी निघते आहे. चार जागा शिल्लक आहेत. येणाऱ्यांनी आधार कार्डाची झेरॉक्स, रोजची औषधं आणि पायात घट्ट बसणारी चप्पल बाजूला काढून ठेवावी.