जुन्या कार्बोरेटर इंजिनाला टर्बो : काम अंगावर घेण्यापूर्वी

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर गेली. पण हौशी मालकांकडे जुन्या पद्मिनी, अम्बॅसडर आणि कार्बोरेटरच्या मारुती ८०० अजून आहेत, आणि त्या चालत्या ठेवणारे मेकॅनिक, लेथवाले, वेल्डर आमच्या वाचकांत बरेच आहेत. असा एखादा मालक भंगार बाजारातून डिझेल गाडीचा टर्बो घेऊन येतो आणि म्हणतो, “उस्ताद, हा बसवून द्या.” बसवणे फारसे अवघड नाही. बसवलेले टिकवणे अवघड आहे. इंजिन फुटले तर पैसा गिऱ्हाइकाचा जातो आणि नाव गॅरेजचे जाते. म्हणून या कामाचे गणित आज आपण समजून घेऊ.

टर्बो करतो काय?

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. दांड्याचा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्याही वर जातो. हवेचा नेहमीचा दाब सुमारे १४.७ पौंड असतो. त्यावर टर्बोने ५ पौंड दिले, तर हवा साधारण एक तृतीयांश जास्त जाते. तेवढे पेट्रोलही जास्त गेले तर ताकद वाढते. पेट्रोल कमी पडले तर पिस्टनला भोक पडते.

दुसरा धोका नॉकिंगचा. मूळ कॉम्प्रेशन ८ ला १ असेल, तर ५ पौंड दाबाखाली ते साधारण पावणेअकराला १ असल्यासारखे वागते. मिश्रण जास्त तापते, वेळेआधी पेटते आणि हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. आवाज येऊनही गाडी दामटली तर रिंगा तुटतात, गास्केट उडते.

१९६२ चा धडा

हा प्रश्न नवा नाही. १९६२ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने कार्बोरेटर आणि टर्बो असलेल्या दोन गाड्या बाजारात आणल्या. शेव्हरोलेच्या कॉर्वेअरमध्ये कॉम्प्रेशन उतरवून ८ ला १ केले होते. दाब आपोआप मर्यादेत राहील अशीच कार्बोरेटर आणि सायलेन्सरची रचना होती. ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये मात्र कॉम्प्रेशन १०.२५ ला १ असे चढेच ठेवले आणि नॉकिंग थांबवण्यासाठी पाणी व मिथेनॉलचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडले. ती टाकी मालकाने भरत राहायची होती. पुष्कळांनी भरली नाही. जेटफायर १९६३ नंतर बंद झाली आणि कंपनीला अनेक गाड्यांवरचे टर्बो काढून देण्याची वेळ आली. कॉर्वेअरचा टर्बो मात्र १९६६ पर्यंत चालला.

आम्ही यातून एकच गोष्ट घेतो. गिऱ्हाइकाच्या आठवणीवर अवलंबून असलेले काम टिकत नाही. दाब कमी ठेवा आणि मालक विसरला तरी इंजिन वाचेल अशी जोडणी करा.

कार्बोरेटर आधी की टर्बो आधी?

पहिल्या पद्धतीत कार्बोरेटर टर्बोच्या आधी बसतो आणि टर्बो तयार मिश्रण ओढतो. वरच्या दोन्ही गाड्यांत हीच पद्धत होती. कार्बोरेटरवर दाब येत नाही, म्हणून तो फारसा बदलावा लागत नाही. पण थंडीत पेट्रोल पाइपाच्या भिंतींना चिकटते आणि सकाळी गाडी कुरकुरते. मिश्रण थंड करण्यासाठी इंटरकूलर लावता येत नाही, कारण त्यात पेट्रोल साचून भडका उडण्याची भीती असते. आणि अॅक्सिलरेटर सोडला की टर्बोच्या तोंडाशी ओढ तयार होते. तेव्हा कार्बन सील नसेल तर बेअरिंगचे ऑइल थेट इंजिनात खेचले जाते. डिझेल गाडीच्या टर्बोला सहसा असे सील नसते. भंगारातला टर्बो इथेच दगा देतो.

दुसऱ्या पद्धतीत टर्बो आधी आणि कार्बोरेटर नंतर. १९८० च्या दशकातील एमजी मेट्रो टर्बोमध्ये ही पद्धत होती. इथे सीलचा प्रश्न सुटतो, इंटरकूलरही चालतो. पण कार्बोरेटर दाबाखाली येतो, म्हणून तीन गोष्टी कराव्याच लागतात. एक, फ्लोट चेंबरच्या हवेच्या भोकालाही तोच दाब द्यायचा. नाहीतर जेटमधून पेट्रोल वर येणार नाही. दोन, थ्रॉटलच्या दांड्यातून मिश्रण बाहेर गळू नये म्हणून बुश आणि सील नवे करायचे. तीन, पेट्रोल पंप. जुना मेकॅनिकल पंप ३-४ पौंड दाब देतो. समोर टर्बोचा ५ पौंड दाब असेल तर नेमके जास्त पेट्रोल हवे तेव्हाच ते थांबेल. म्हणून टर्बोच्या दाबाबरोबर पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर आणि त्याला पुरेसा इलेक्ट्रिक पंप लागतो. या पंपाची तार ऑइल प्रेशर स्विचमार्गे घ्यावी, म्हणजे इंजिन बंद पडताच पंपही थांबेल.

बाकीची जोडणी

टर्बोचे ऑइल इंजिनाच्या मुख्य गॅलरीतून, टी लावून घ्यावे. परतीचा पाइप जाड हवा, उताराचा हवा आणि संपमधील ऑइलच्या पातळीच्या वर उतरायला हवा. यात चूक झाली की चांगला टर्बोही धूर ओकतो. दाबाखाली टायमिंग मागे घ्यावे. दर पौंडाला साधारण एक डिग्री हा सुरुवातीचा हिशेब. प्लग एक दर्जा थंड घ्यावा, गॅप थोडी कमी ठेवावी. दाबाखाली मिश्रण १२ ला १ च्या आसपास हवे. पूर्वी प्लगचा रंग पाहून अंदाज बांधत. आज वाइडबँड सेन्सरचा मीटर मिळतो, तो लावल्याशिवाय गाडी पळवू नये.

आधी तपासणी, मग होकार

टर्बोला हात लावण्यापूर्वी कॉम्प्रेशन टेस्ट घ्या. सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी इंजिन उतरवा. पद्मिनीच्या आणि जुन्या पेट्रोल अम्बॅसडरच्या क्रँकला तीनच मेन बेअरिंग आहेत. तिथे ५ पौंडांच्या पुढे जाण्याचा मोह नको. ताकद वाढली तर ड्रम ब्रेक, क्लच आणि रेडिएटर यांचाही खर्च धरा आणि तो गिऱ्हाइकाला आधीच कागदावर लिहून द्या.

कायदाही सांगून ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी आधी आरटीओत विचारावे; परवानगी नसेल तर टर्बो फक्त ट्रॅकच्या गाडीलाच बसवावा.

झिजलेले इंजिन घेऊन कोणी आग्रह धरला, तर सरळ नाही म्हणावे आणि त्याच पैशात इंजिन नीट बांधून द्यावे. असे गिऱ्हाईक पुढच्या कामालाही आपल्याच दारात येते.