गुळाच्या पाकाची परीक्षा

'तैल' हा शब्द 'तिल' शब्दापासून आला आणि संस्कृतात 'गुड' म्हणजे गोळा असाही अर्थ आहे, हे आम्ही संक्रांतीच्या कीर्तनात वर्षानुवर्षे सांगत आलो. लाडू मात्र आम्हांस आयते मिळत! गतवर्षी आमच्या मंडळींचा हात दुखावला आणि कढईपुढे आम्हांस बसावे लागले.

दोन वाट्या तीळ मंद आंचेवर तडतडेतो भाजले. दीड वाटी साधा गूळ, चिक्कीचा नव्हे, चमचाभर तुपात विरघळवला. येथवर सोपे. पुढे गुळातले पाणी जसजसे आटते तसतसा पाक तापत जातो, आणि लाडू तितका कठीण होतो. त्याहूनही तापल्यास गूळ करपून कडवटतो. आमचे ध्यान क्षणभर ढळले. पहिला घाणा दगड झाला. आमच्या कवळीस तो फुटेना.

मग माजघरातून आज्ञा झाली, "थंड पाण्यात थेंब टाकून पाहावा. बोटांनी मऊ गोळी वळली की कढई उतरवावी."

दुसऱ्या वेळी तसेच केले. तीळ, अर्धी वाटी दाण्याचे कूट, वेलदोडा घालून, तळहातास तूप लावून ऊन ऊनच लाडू वळले. हात पोळले. देवापुढे हेच ठेवले. पहिला घाणा खलबत्त्यात गेला.