पायांची सूज, न भरणारे व्रण आणि शस्त्रक्रिया

• व्याख्या : लसीकेचा निचरा खुंटून त्वचेखाली प्रथिनयुक्त द्रव साचल्याने येणारी, आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमट धरू न देणारी सूज म्हणजे लिम्फेडेमा.

• कारणे : नांदेड व लातूर जिल्ह्यांत आढळणारा, क्युलेक्स डासांमार्फत फैलावणारा हत्तीरोग, तसेच अतिस्थूलता, विशेषतः देहभारांक ५० च्या वर.

• व्रण : सुजेमुळे ऊतींचे पोषण मंदावून जखम चिघळते; सूज उतरवण्यासाठी दाबपट्टी बांधण्यापूर्वी धमनीतील रक्तप्रवाहाची तपासणी आवश्यक.

• निचरा सुधारणाऱ्या शस्त्रक्रिया : लसीकावाहिनी सूक्ष्म शिरेस जोडणे, लसीकाग्रंथींचे रोपण.

• भार उतरवणाऱ्या शस्त्रक्रिया : मेदशोषण, ज्यानंतर दाबमोजे कायम वापरावे लागतात, आणि रोगट कातडी व मेद काढून त्वचारोपण करण्याची, कलकत्त्यात अध्यापन केलेल्या हॅवलॉक चार्ल्स यांच्या नावाने रूढ पद्धत (१९१२).