गहू सोडण्याआधी

“थायरॉइड आहे ना? मग आधी गहू बंद करा.” हा सल्ला मला एसटीत मिळाला, बचत गटाच्या बैठकीत मिळाला आणि लग्नाच्या पंगतीतही मिळाला. मी तो मानला. सात महिने पोळीला हात लावला नाही. पोट हलके वाटू लागले, थकवा मात्र तसाच राहिला. पुढे नागपूरच्या एका डॉक्टरांनी सिलिअॅक रोगाची रक्ततपासणी सुचवली. गहू सोडल्याचे सांगताच ते म्हणाले, “मग आता या तपासणीवर भरवसा ठेवता येणार नाही.” सावनेरला परतताना तेच वाक्य डोक्यात घोळत होते. त्यानंतर जे वाचले आणि समजून घेतले, ते येथे मांडते.

थायरॉइड मंदावण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक मोठे कारण म्हणजे हाशिमोटो विकार. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींचे वर्णन एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या ग्रंथींत लिम्फोसाइट या संरक्षक पेशींची दाटी झालेली होती. तिचा अर्थ उलगडायला १९५६ साल उजाडले. त्या वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे दाखवून दिली. राखणदारानेच घरावर हल्ला करावा, तसा हा प्रकार आहे. आज ‘अँटी-टीपीओ’ तपासणीतून तो कळतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, सुमारे ११ टक्के प्रौढांचा थायरॉइड मंद आढळला, तर सुमारे २२ टक्क्यांमध्ये ही प्रतिपिंडे सापडली.

आता गव्हाकडे वळू. कणकेला ताण देणारे प्रथिन म्हणजे ग्लुटेन. पुरणपोळी पातळ लाटता येते ती त्याच्यामुळे, आणि ज्वारीची भाकर थापावी लागते ती ते नसल्यामुळे. सिलिअॅक रोगात ग्लुटेन पोटात गेले की संरक्षण यंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि अन्नातले सत्त्व शोषले जात नाही. हा रोग गव्हाशी जोडला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. युद्धकाळात, १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा अशा रुग्ण मुलांची प्रकृती सुधारलेली त्याने पाहिली.

भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत अवघ्या ०.१० टक्के लोकांना हा रोग आढळला. त्याला लागणारी जनुके दोन्हीकडे जवळपास तिघांमागे एकाकडे होती. फरक ताटात होता : उत्तरेत दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम. आपल्या विदर्भातल्या घरांत भाकरीची जागा पोळीने घेतली, हे या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हाशिमोटो असलेल्यांत सिलिअॅक इतरांपेक्षा जास्त आढळतो; तरी शंभरांत फार तर चार-पाच जणांत. म्हणून सरसकट सगळ्यांनी गहू सोडावा असे होत नाही. सिलिअॅक नसलेल्यांची प्रतिपिंडे गहू सोडून खात्रीने कमी होतात, असेही सिद्ध झालेले नाही. मात्र गोळीचा डोस वाढवूनही टीएसएच खाली येत नसेल, लोह सारखे कमी पडत असेल, वजन घटत असेल, तर ‘टीटीजी-आयजीए’ तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. ती गहू खात असतानाच करायची असते. गहू सोडला की ही प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात आणि रोग असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

मला पुन्हा सहा आठवडे रोज पोळी खावी लागली. अहवालात सिलिअॅक निघाला नाही. तरी पोट फुगते ते का? सिलिअॅक नसतानाही काहींना गहू सोसत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गहू थांबवून पुन्हा सुरू करणे, एवढाच मार्ग. शिवाय दोषी ग्लुटेनच असेल असेही नाही. २०१८ साली नॉर्वेतल्या ५९ जणांवरच्या प्रयोगात ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान या कर्बोदकाने अधिक त्रास झाला. ते गव्हात असते, तसेच कांद्या-लसणातही असते. सावजी रस्सा मिटक्या मारत खाऊन दोष पोळीला देणाऱ्यांनी, माझ्यासकट, हे ध्यानात घ्यावे.

ज्यांना सिलिअॅक आहेच, त्यांचे पथ्य मात्र जन्मभराचे आणि काटेकोर. चक्कीवर गव्हानंतर त्याच दगडांत दळलेली ज्वारी त्यांना चालत नाही. घरघंटी वेगळी हवी. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. दिवाळीच्या फराळात शंकरपाळे, करंजी, रवालाडू वर्ज्य. घरी निगुतीने केलेले अनारसे, पोह्यांचा चिवडा, बेसनलाडू चालतात. उपवासाची भगर, राजगिरा, शिंगाडाही चालतो.

आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. आमच्या ओळखीतल्या एकीने गहू सोडला, बरे वाटले म्हणून थायरॉइडची गोळीही सोडली. काही महिन्यांत सूज, थंडी, विसराळूपणा यांनी ती पार खचली. थकलेली ग्रंथी जे बनवू शकत नाही, तेच लेव्होथायरॉक्सिन बाहेरून देते. ते काम कोणतीही भाकर करत नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. डोस कमी करायचा की वाढवायचा, हे टीएसएच पाहून डॉक्टर ठरवतील.

मी आता एक वेळ भाकर खाते, एक वेळ पोळी. गोळी रोज घेते.