खून व्हायच्या आधीची दोन मिनिटं

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना परीक्षेत काय करायला लावतात? निबंध, प्रमेयं, फार तर प्रयोगशाळेत जास्वंदीच्या फुलाची चिरफाड. इंग्लंडमध्ये ‘मीडिया स्टडीज’ हा विषय घेणाऱ्या मुलांना मात्र ओसीआर नावाच्या परीक्षा मंडळानं बरीच वर्षं एक भन्नाट काम दिलं होतं. एका नव्या सिनेमाची श्रेयनामावली आणि सुरुवात तयार करा. लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटं. पुढचा सिनेमा बनवायचाच नाही!

कितीतरी मुलं थरारपट निवडायची. आता गंमत बघा. त्या सिनेमांत कुणीतरी एका मुलीचा पाठलाग करतंय, पण तो कोण, का करतोय, ती वाचते की नाही, हे प्रेक्षकालाच काय, दिग्दर्शकालाही पुष्कळदा माहीत नसतं. कारण पुढे काही नाहीच. आणि तरीही, नीट जमलेली अशी दोन मिनिटं बघताना छातीत धडधडतं. ज्या गोष्टीला शेवट नाही, मधला भाग नाही, तिच्यासाठी आपण श्वास रोखून बसतो. हे होतं कसं?

चित्रीकरण झालं की मुलांना एका प्रश्नाचं उत्तरही द्यावं लागायचं. या प्रकारच्या सिनेमांचे रूढ संकेत तुम्ही कुठे वापरलेत, कुठे पुढे नेलेत आणि कुठे मोडलेत? वरवर साधा प्रश्न, पण त्यात पाय टाकला की खोलवर जातो.

आधी संकेत कोणते ते पाहू. डोक्यावर हूड ओढलेला माणूस. चेहरा नाही, फक्त बूट. शाळेमागचं रान, ओल्या पाचोळ्यावर पावलांचा आवाज. पळता पळता मागे वळून बघणारी मुलगी. हलणारा कॅमेरा. मग अचानक काळा पडदा आणि त्यावर सिनेमाचं नाव. शंभरदा पाहिलंय, हसू येतं. पण हसण्याआधी एक विचारू या. इतकं शिळं झालेलं सगळं अजून लागू का पडतं?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात सापडतो. तिथे मार्मोट नावाचा खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी बिळं करून राहतो. त्याचा अभ्यास करणाऱ्या डॅनियल ब्लूमस्टाइन या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की पकडलेली पिल्लं कधी कधी अशी किंचाळतात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. त्या किंकाळीत आवाज ‘फाटतो’. घशाला झेपेल त्यापेक्षा जास्त जोर लावला की आवाज सुरात राहत नाही, खरखरीत होतो. मग ब्लूमस्टाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १०२ सिनेमांतल्या गाजलेल्या प्रसंगांचे आवाज तपासले. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की भयपटांच्या ध्वनिपट्टीत असा फाटलेला, खरखरणारा आवाज अपेक्षेपेक्षा जास्त सापडतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना मार्मोट कुठून माहीत असणार? कानाला काय टोचतं एवढंच त्यांनी पाहिलं, आणि चाचपडत चाचपडत ते नेमके पिल्लाच्या किंकाळीपाशी पोचले! ‘सायको’ या सिनेमात संगीतकार बर्नार्ड हर्मननं व्हायोलिनं जी किंचाळायला लावलीत, ती एकदा या कानानं ऐका.

म्हणजे संकेत ही नुसती नक्कल नव्हे. पिढ्यानपिढ्या सिनेमावाल्यांनी आपल्या डोक्यातली बटणं शोधून ठेवलीत, आणि वर्गातली मुलं ती आयती दाबतात.

बटणं किती पक्की आहेत? न्यूयॉर्कमध्ये उरी हॅसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून वेगवेगळ्या चित्रफिती दाखवल्या. वेगवेगळ्या माणसांचे मेंदू एकाच वेळी एकसारखे कितपत चालतात, हे त्यांना मोजायचं होतं. बागेत कॅमेरा नुसता ठेवून घेतलेल्या चित्रणात हा सारखेपणा मेंदूच्या बाह्यपटलाच्या ५ टक्क्यांहूनही कमी भागात दिसला. सर्जिओ लिओनेच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मध्ये ४५ टक्के. आणि आल्फ्रेड हिचकॉकनं दिग्दर्शित केलेल्या टीव्हीवरच्या एका गोष्टीत ६५ टक्क्यांच्या वर! अनोळखी माणसं, वेगवेगळे स्वभाव, आणि अर्ध्याहून अधिक मेंदू एका तालावर. हिचकॉक आपण प्रेक्षकांना पेटीसारखे वाजवतो असं सांगायचा. त्याला मोठेपणाची हौस होतीच, पण इथे तो फारशी अतिशयोक्ती करत नव्हता.

ती टीव्हीवरची गोष्ट कोणती होती? ‘बँग! यू आर डेड’, १९६१ची. एक लहान मुलगा खेळण्यातलं पिस्तूल समजून खरंखुरं भरलेलं पिस्तूल घेऊन गावभर फिरतो. आपल्याला ते माहीत आहे. त्याला नाही, समोर येणाऱ्यांनाही नाही. इथेच थरारपटाचा सगळ्यात मोठा डाव दिसतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं नाही, तर स्फोटाचा धक्का काही सेकंद पुरतो. आधी सांगितलं, तर टेबलावरच्या फालतू गप्पासुद्धा पंधरा मिनिटं जीव खातात. हे हिचकॉकनंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफोला समजावून सांगितलं होतं.

ऑर्सन वेल्सनं १९५८च्या ‘टच ऑफ इव्हिल’ची सुरुवातच या डावानं केली. बॉम्बचं घड्याळ लावलं जातं, तो गाडीच्या डिकीत ठेवला जातो, गाडी गर्दीतून निघते आणि कॅमेरा एकदाही न थांबता, एकही कट न घेता तीन मिनिटांहून जास्त वेळ तरंगत राहतो. भीती वाढवायची तर भराभर कट मारा, हा संकेत त्यानं सरळ उलटा केला. ओसीआरच्या नियमात मात्र वेळेवरच त्याचे गुण गेले असते.

संकेत मोडायचे कसे, हे खरं अवघड प्रकरण. सिनेमाचा अभ्यासक स्टीव्ह नील याचं म्हणणं असं, की सिनेमाचा प्रकार म्हणजे पुनरावृत्ती आणि फरक, दोन्ही एकत्र. तबल्याच्या मैफलीत हे आपण अनुभवतो. ठेका अंगात भिनलेला असेल, तरच तिहाई समेला चुकवून पुढे गेल्यावर पोटात गोळा येतो. ज्याला ठेकाच माहीत नाही, त्याला काही चुकल्याचं कळणार कसं? म्हणून पहिलं दीड मिनिट इमानेइतबारे वापरायचं आणि मग एकच गोष्ट काढून घ्यायची.

काय काढून घ्यायचं यावर मुलांचं ठरलेलं उत्तर असतं : आम्ही खुनी पुरुषाऐवजी बाई दाखवली. मला हे अगदीच स्वस्त वाटतं. हूड तोच, रान तेच, आतलं माणूस फक्त बदललं. हिचकॉकनं १९६०च्या ‘सायको’त अंधारच काढून घेतला. पडद्यावर अक्षरं येतात : फिनिक्स, ॲरिझोना, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारी दोन वाजून त्रेचाळीस मिनिटं. रखरखीत उजेड. कॅमेरा शहरावरून सरकत एका खिडकीच्या अर्धवट पडद्याखालून आत शिरतो, आणि चोरून बघणारे आपण असतो! ती वेळ जेवणाच्या सुट्टीची. प्रियकराला भेटायला खोलीतल्या बाईकडे तेवढाच वेळ आहे. एका आकड्यात तिची सगळी ओढाताण सांगून झाली. आणि सिनेमा निम्माही झालेला नसताना ही नायिकाच मरते. पहिल्या चौकटीपासून जिचं बोट धरलं, तीच जाते.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ आठवतोय? २०१८चा, गोष्ट पुण्यातलीच. सुरुवात मात्र कोबीच्या शेतात. एका डोळ्यानं अधू असलेला ससा आणि त्याच्यामागे बंदूकवाला. गोळी सुटते, पडदा काळा होतो आणि कथा भलतीकडेच सुरू होते. त्या सशाचा हिशेब थेट शेवटाकडे लागतो. तोवर कोण विसरलेलं नसतं त्याला?

पण त्या मुलांकडे ना हिचकॉकचं शहर, ना कोबीचं शेत. त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिल्म सोसायटीत सिनेमा करायला शिकलेल्या एका तरुणाचं काम पाहावं. ख्रिस्तोफर नोलनचा ‘डूडलबग’ १९९७चा आहे, जेमतेम तीन मिनिटांचा, कृष्णधवल. खोली एक, नट एक, हातात बूट. घामाघूम झालेला माणूस जमिनीवरून पळणाऱ्या कशाच्या तरी मागे लागलाय. अंधार, पाठलाग, अस्वस्थ कॅमेरा, सगळे ठरलेले संकेत. शेवटी तो किडा दिसतो, तर तो इवलासा हाच माणूस! तो त्याला बुटानं चिरडतो, आणि मागून त्याच्यापेक्षा अवाढव्य असा तोच, बूट उगारून, त्याच्यावर येतो. मोडलेला संकेत एकच. पाठलाग करणारा आणि पळणारा ही दोन वेगळी माणसं असतात, हा. असा काही संकेत आहे, हे त्या क्षणापर्यंत आपल्या गावीही नसतं.