माठातल्या पाण्याला चव हवीच

शिमगा झाला की आमच्याकडे बायका माळ्यावरचा गेल्या वर्षीचा माठ खाली काढतात आणि बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत वाजला तर घासूनपुसून पुन्हा तिवईवर चढतो. बद्द आवाज आला तर तडा गेला समजायचे. मग तो कोंबड्यांच्या पाण्याला जातो आणि पाडव्याच्या आत बाजारातून नवा येतो.

सोलापूरचा उन्हाळा ज्याने काढला त्याला माठाचे मोल सांगायला नको. चैत्र-वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जाऊन बसतो आणि वारा असा कोरडा, की दांडीवर टाकलेले ओले लुगडे चूल पेटवून होईपर्यंत वाळते. माठाला मात्र हाच वारा लागतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, वाऱ्याने वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितके पाणी गार. तोच माठ कोकणात दमट हवेला नेऊन ठेवा, पाणी तेवढे गार होणार नाही. उन्हाने आपल्याला भाजायचे आणि वाऱ्याने पाणी गार करून द्यायचे, असा हा आपल्या मुलखाचा हिशेब आहे.

तर पाणी गार आहे, घरात आहे, आणि तरी आपल्या बायका ते पीत नाहीत. हे मला माझ्या चुलतीमुळे कळले. दोन वर्षांमागे एप्रिलात ती कांदा काढायला गेली होती. सकाळी सातला चहा घेऊन निघाली ती दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोट न घेता वाकून काम करत होती. भोवळ येऊन वाफ्यातच बसली. चार दिवसांनी उन्हाळी लागली, लघवीला जळजळ होऊ लागली आणि शेवटी डॉक्टरांनी मुतखडा सांगितला. पाणी का पीत नव्हतीस म्हणून विचारले तर म्हणाली, "आगं, प्यालं की जावं लागतंय, आन् रानात आडोसा कुठाय? शिवाय त्या बोरचं पानी मचूळ लागतंय. घोटच उतरंना."

दोन कारणे सांगितली तिने. आडोशाचे नंतर बघू. मचूळ पाण्याचे मात्र आपल्या हातात आहे. पाण्याला चव असावी ही काही चैन नव्हे. म्हातारी माणसे, शाळेतून आलेली पोरे आणि उन्हात राबणाऱ्या बाया यांच्या पोटात चार तांबे जास्त जावेत म्हणून ती हवी.

पण आधी एक गोष्ट पक्की करा. चवीने आणि वासाने पाणी शुद्ध होत नाही. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, निवळीच्या बीनेही बसतो, पण जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी उकळा, नाहीतर आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे थेंब सांगितल्या प्रमाणात टाका. आपल्या आज्यांच्या काळी पायऱ्यांच्या विहिरींतून नारू व्हायचा. पाणी फडक्याने गाळून प्यायची सवय लागली, त्या विहिरी सुधारल्या, आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. एवढे साधे फडके, पण त्याने एक रोग घालवायला हातभार लावला.

आता वाळा. बाजारात जुडी मिळते. दोन-तीन पाण्यांनी माती जाईपर्यंत धुवा, पातळ पांढऱ्या फडक्यात बांधा आणि रात्री माठात सोडा. सकाळी पहिला पाऊस पडल्यासारखा वास येतो आणि बोअरचा मचूळपणा झाकला जातो. दोन-तीन दिवसांनी पुरचुंडी काढून उन्हात कडक वाळवा, पुन्हा वापरा. वास गेला की टाकून द्या. दुकानात जे हिरवेगार खस सरबत मिळते त्यात बहुतेक साखर आणि रंग असतो, त्याची आणि या मुळ्यांची गल्लत करू नका. मोगऱ्याची चार फुले टाकायची असतील तर परसातली टाका. बाजारातल्या गजऱ्याची नकोत, त्यावर कोणते औषध फवारले आहे कुणास ठाऊक. धने-जिरे जरा चेचून रात्री तांब्याभर पाण्यात भिजत घातले आणि सकाळी गाळून घेतले तरी चांगले लागते. सब्जा घालणार असाल तर आधी अर्धा तास भिजवून फुगवा. कोरडा सब्जा लहान मुलांना कधी देऊ नये, घशात फुगतो.

आंबट चवीसाठी आपल्याकडे लिंबापेक्षा चिंच बरी. मे महिन्यात लिंबाचा भाव विचारवत नाही, आणि चिंचेचे झाड तर बांधावर असतेच. दोन बुटके भिजत घालून कोळून घ्या, चिमूट मीठ आणि भाजल्या जिऱ्याची पूड घाला, गूळ नावापुरता. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या उकडून त्यांचा गर असाच पाण्यात कालवता येतो. सांगोल्याकडच्या भगिनींच्या घरी तडकलेली डाळिंबे व्यापारी घेत नाहीत म्हणून पडून असतात. आत कीड किंवा बुरशी नसेल तर त्यांचे मूठभर दाणे चुरडून पाण्यात टाका. मात्र आंबट काहीही तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. नुसते पाणी तांब्याच्या कळशीत चालते, पण चिंच, कैरी, लिंबू, ताक यांनी भांडे कळकते आणि पोटात मळमळ होते. पूर्वी कल्हईवाला दारावर यायचा, आता तोही क्वचित दिसतो. स्टील बरे. माठातही आंबट ओतू नये, छिद्रे बुजतात आणि वास कधी जात नाही.

पण या सगळ्यांवर कडी करते ती आपली आंबील. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात, तिथल्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि आपण मात्र आंबील वर्षातून एकदा करतो! अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि शेजारच्या लातूर-धाराशिवाकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, शेतात भज्जीबरोबर आंबिलीचे मडके असते. थंडीत जी एवढ्या आवडीने पितो ती वैशाखात का नको? रात्री चार मोठे चमचे ज्वारीचे पीठ वाटीभर आंबट ताकात कालवून झाकून ठेवा. सकाळी लिटरभर पाणी उकळा, मीठ घाला आणि ते कालवण एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा, गुठळी होऊ देऊ नका. दहा मिनिटे शिजवा. निवली की आणखी ताक, ठेचलेला लसूण, जिरे, कोथिंबीर घालून पिण्याइतकी पातळ करा. यात पाणी आहे, घामावाटे गेलेले मीठ आहे आणि पोटाला आधारही आहे. उन्हात फार आंबते, म्हणून दुपार टळायच्या आत संपवा.

रंगीत बाटलीचे काय, असे पोरे विचारतीलच. ३०० मिलीच्या गोड थंड पेयात साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. चहात कुणी एवढी घालील का? पण खरे बोलायचे तर आपल्या पन्ह्यात मुठीने गूळ पडत असेल तर आपणही त्याच वाटेवर आहोत. गूळ घरचा म्हणून तो साखर नव्हे असे नाही.

साखर-मिठाचे पाणी ही मात्र निराळी गोष्ट. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपातून वाटले. शंभरात तीसच्या आसपास रोगी दगावत होते, ते चारच्या खाली आले. घरी जुलाब लागले आणि दवाखान्यातली पुडी हाताशी नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, एवढेच. मीठ अंदाजाने घालू नका. हे रोजचे सरबतही नव्हे. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी मीठ आणि पाणी दोन्ही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

उन्हात काम असेल तर तहानेची वाट पाहू नये. पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावे, एकदम ढसाढसा नको. लघवी फिकट पिवळी तर ठीक, गडद झाली तर पाणी कमी पडते आहे. कुणी उन्हात बरळू लागले, अंग तापले आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर ओली फडकी ठेवून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

चुलती यंदा पुन्हा कांद्याला गेली. सोबत एक किटली आंबिलीची आणि एक वाळ्याच्या पाण्याची. पहिल्याच दिवशी तिने शेतमालकाला सांगितले, "चार बांबू आन् एक जुनं लुगडं बांधून द्या, मगच आमी वाफ्यात उतरू." तो आधी हसला. मग गड्याला बांबू आणायला पाठवले.